काकड्यांचे स्मरण आणि विटांचे स्मरण

आपल्या समाजात स्मरणिकांना तोटा नाही. एखाद्या मिशन शाळेला शंभर वर्षे पुरी झाली, एखाद्या मंडळीचा अमृतमहोत्सव आला, एखाद्या वसतिगृहाचे माजी विद्यार्थी एकत्र जमले, की स्मरणिका निघते. मुखपृष्ठावर जुन्या इमारतीचे चित्र असते, मागे आश्रयदात्यांच्या जाहिराती असतात आणि मधल्या पानांवर आठवणी असतात. या आठवणींचा सूर बहुधा एकच असतो. छडीचा धाक असलेले परंतु अंतःकरणाने मायाळू गुरुजी, रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, शेजारच्या घरात हक्काने मागून खाल्लेली भाकरी, गल्लीतले खेळ. आणि शेवटी एक उसासा की, ते दिवस आता राहिले नाहीत.

असे लेख मीही आवडीने वाचतो आणि माझ्याही मनात तशाच आठवणी आहेत. तरीही वयाची पन्नाशी उलटल्यावर एक प्रश्न मनात वारंवार येऊ लागला आहे आणि तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते. स्मरण ही केवळ मनाची एक सहज क्रिया आहे, की तिला नीती असते? आपण भूतकाळातील काय आठवतो आणि काय विसरतो याचा जाब आपल्याला विचारला जाऊ शकतो काय? गोड आठवणी काढणे हा कोणाला अपराध वाटणार नाही. परंतु उपदेशकाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात (७:१०) पूर्वीचे दिवस आताच्या दिवसांहून बरे का होते असे विचारण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे आणि तसे विचारण्यात शहाणपण नाही असा शेराही मारलेला आहे. पवित्र शास्त्र अशी मनाई उगाच करणार नाही. तिच्यामागे काय आहे ते पाहिले पाहिजे.

एकच क्रियापद, दोन आठवणी

भाषांतराच्या कामात एक लाभ असा होतो की, एकच मूळ शब्द निरनिराळ्या प्रसंगी कसा वापरला आहे याकडे लक्ष द्यावेच लागते. ‘आठवण करणे’ या अर्थाचे इब्री क्रियापद ‘जाखर’ हे आहे. हे क्रियापद मिसर देशाच्या संदर्भात दोन ठिकाणी फार वेगळ्या रीतीने आलेले आहे.

पहिले ठिकाण गणनेच्या अकराव्या अध्यायात आहे. रानात मान्ना खाऊन कंटाळलेले लोक रडू लागतात. मिसरात खाल्लेले मासे, काकड्या, खरबुजे, भाजी, कांदे आणि लसूण त्यांना आठवतात. यातला एक शब्द विशेष आहे. ते मासे आम्ही फुकट खात होतो असे ते म्हणतात. ‘फुकट’ हा शब्द गुलामांच्या तोंडी यावा यापरते आश्चर्य कोणते? ज्या नदीतले मासे त्यांनी खाल्ले त्याच नदीत त्यांची नवजात मुले टाकण्याची आज्ञा फारोने केली होती. विटा थापून त्यांचे जिणे कडू झाले होते. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात हे सारे नोंदलेले आहे. रानातल्या त्या लोकांनी एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. काकड्या खऱ्या होत्या आणि कांदेही खरे होते. मात्र त्यांच्या आठवणीतून किंमत तेवढी गळाली होती.

दुसरे ठिकाण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. तेथे शेताच्या कापणीचे नियम सांगताना मोशे लोकांना मिसरातील दास्याचे स्मरण ठेवावयास सांगतो आणि लगेच त्या स्मरणावरून एक कर्तव्य काढतो. शेतात विसरलेली पेंढी परत आणावयास जाऊ नये. जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा झोडू नयेत. द्राक्षमळ्यात सरवा ठेवावा. कारण ते परका, अनाथ आणि विधवा यांचे आहे. येथे स्मरणाचा शेवट उसाशात होत नाही. तो शेताच्या बांधावर, दुसऱ्याच्या ओंजळीत होतो.

क्रियापद एकच, देश एकच, आठवणारे लोकही एकाच वंशाचे. पहिल्या स्मरणाला मी काकड्यांचे स्मरण म्हणतो आणि दुसऱ्याला विटांचे. पहिले मनुष्याला मागे ओढते आणि आज हाती असलेल्या मान्नाविषयी त्याच्या मनात तिटकारा उत्पन्न करते. दुसरे त्याला समोरच्या मनुष्याकडे पाहावयास लावते. उपदेशकाची मनाई कोणत्या स्मरणाला आहे हे आता उघड होते.

गिरणगावातील बालपण

हा भेद केवळ शास्त्राभ्यासाच्या खोलीत राहू नये म्हणून तो एका प्रत्यक्ष ठिकाणी लावून पाहू. मुंबईचे गिरणगाव मला ठाऊक आहे, कारण माझे बालपण भायखळा आणि लालबाग यांच्या मधल्या गल्ल्यांत गेले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ साली ती सुरू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून, देशावरून माणसे या गिरण्यांकडे आली. त्यांत अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांतून आलेली आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती. माझे वडील साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणीत असत.

आमच्या दिवसाला घड्याळ नव्हते, भोंगा होता. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवी; दुपारी पाळी सुटण्याच्या भोंग्याबरोबर आमचीही शाळा सुटल्यासारखी वाटे, मग ती सुटलेली असो वा नसो. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे राहत होतो आणि शेजारच्या खोलीत एकाच गावचे चौदा गडी पाळीपाळीने झोपत. एकजण कामावरून येई तेव्हा दुसरा त्याच जागेवरून उठून कामाला जाई. त्यांचे जेवण खानावळवाल्या मावशींकडे असे. गल्लीत लगोरी, विटीदांडू, गोट्या, डब्बा ऐसपैस आणि भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढून मांडलेले क्रिकेट चाले. गोकुळाष्टमीची हंडी, गणपतीची आरास, मोहरमचे ताबूत आणि आमच्या नाताळातील कंदील हे सर्व त्या एकाच गल्लीने पाहिले. नाताळच्या पहाटे कॅरल गात फिरणाऱ्या आम्हा मुलांना चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी चहा देई आणि तो देणारा घरमालक कोणत्या धर्माचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

ही सर्व काकड्यांची आठवण आहे आणि ती खरी आहे. आता विटांकडे पाहू.

वडील पाळीवरून येत तेव्हा त्यांच्या केसांवर, भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. आम्हा भावंडांना त्याची मोठी गंमत वाटे. आमचे वडील रोज संध्याकाळी म्हातारे होऊन येतात आणि मोरीत तोंड धुतले की पुन्हा तरुण होतात, असा आमचा खेळ होता. केसांवर बसणारा तोच कापूस माणसाच्या छातीतही बसतो, त्याने दम लागतो, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशी छाती विशेष आवळून येते आणि वैद्यकशास्त्रात या रोगाला बिसिनोसिस असे स्वतंत्र नाव आहे, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजले. त्या खेळात मुलांचा काही दोष नव्हता. परंतु आज पन्नाशीत जर मी केवळ तो खेळ सांगितला आणि तो दमा सांगितला नाही, तर मी गणनेच्या अकराव्या अध्यायातील माणूस ठरेन. मूल अजाण असते म्हणून त्याची आठवण निष्पाप असते. मोठ्या माणसाने तीच आठवण जशीच्या तशी सांगितली तर तिला निष्पाप म्हणता येत नाही.

शाळेकडेही याच दृष्टीने पाहावे. गिरणगावातील मूल शाळेत जावे ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम लावण्याची मुभा दिली. म्हणजे त्यापूर्वी सात वर्षांचे मूलही यंत्रापाशी उभे राहत होते. १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि तास सातावर उतरले. १९२२ साली ती बारा वर्षे झाली. १९४८ च्या कायद्याने ती चौदा केली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या खटपटीने १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मुंबईच्या ख्रिस्ती कामगाराला उपासनेसाठी रविवार मोकळा मिळाला यात एका सत्यशोधकाचे ऋण आहे, याची आपल्या मंडळ्यांतून क्वचितच आठवण काढली जाते. माझ्या पाटी-दप्तराच्या मागे अशा माणसांची साठ-सत्तर वर्षांची झुंज उभी होती. तिच्यावाचून माझी शाळेची गोड आठवण संभवलीच नसती.

आठवणी कोण लिहितो?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाख कामगार त्यात होते. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. मुलाच्या दृष्टीने पहिले काही आठवडे मौजेचे होते. भोंगे थांबले होते, वडीलमंडळी दिवसा घरी होती आणि गल्लीतल्या क्रिकेटला मोठे खेळाडू मिळाले होते. नंतर एकेक खोली रिकामी होऊ लागली. कोणी कोकणात गेले, कोणी साताऱ्याकडे, कोणी नगरकडे. वर्गातील बाके मधूनमधून मोकळी दिसू लागली. हजेरी घेताना बाई काही नावे पुकारीत, थांबत आणि पुढे जात. काही दिवसांनी ती नावे पुकारणेच बंद झाले. जी मुले मुंबईतच राहिली त्यांतली काही भाजीच्या गाडीवर, काही हॉटेलात कपबशा विसळावयास, काही गॅरेजात लागली. मुलींपैकी काहींना धाकट्या भावंडांसाठी घरी बसविण्यात आले, कारण त्यांच्या आया धुणीभांडी करण्यास बाहेर पडल्या होत्या. तो संप विधिवत मागे घेतला गेला नाही आणि हजारो कामगार पुन्हा आपल्या साच्यापाशी उभे राहू शकले नाहीत.

आता स्मरणिकेच्या पानांकडे पुन्हा पाहावे. शाळेच्या शताब्दीला लेख कोण लिहितो? जो शाळा पुरी करून पुढे गेला तो. डॉक्टर, पाळक, मुख्याध्यापक, बँकेतील अधिकारी, भाषांतरकार. जो सहावीतून उठून गेला त्याच्याकडे कोणी लेख मागत नाही आणि कोणी मागितला तरी तो काय लिहिणार? म्हणून शाळेच्या आठवणींचा जो साठा आपल्यापाशी जमतो तो तरलेल्यांच्या आठवणींचा असतो. त्यातून निघणारा निष्कर्ष, की हालअपेष्टांनी आम्हाला घडविले, हाही तरलेल्यांचाच निष्कर्ष आहे. त्याच हालअपेष्टांनी ज्यांना मोडले त्यांची साक्ष नोंदलेलीच नाही.

रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेल्या अभ्यासाचेच उदाहरण घ्या. ही गोष्ट आपण किती अभिमानाने सांगतो! पण मूल दिव्याखाली का बसले होते? घरात जागा नव्हती म्हणून, दिवा नव्हता म्हणून, रात्रपाळीचा माणूस झोपला होता म्हणून. आपण त्या अभावाला सद्गुणाचे रूप देतो आणि मग नकळत आजच्या मुलाला म्हणतो की, आम्ही दिव्याखाली बसून शिकलो, तुला काय कमी आहे? अशा वेळी आपली आठवण दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यावर ठेवलेला दगड बनते. मला वाटते, काकड्यांच्या स्मरणाचा खरा अपराध येथे आहे. ते केवळ भूतकाळाविषयी अपुरे बोलत नाही, तर वर्तमानातल्या दुःखिताचे तोंड बंद करते.

सत्य स्मरणाचे नमुने आपल्या भाषेत नाहीत असे मुळीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात हसू आहे, प्रेम आहे. आणि भूक, सोवळ्याचा जाच, वियोग, आप्तांची कठोरताही आहे. त्यांनी एकासाठी दुसरे झाकले नाही आणि कोणावर सूडही उगविला नाही. गिरणगावातील नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने अर्भकावस्थेत उचलून घरी आणले व वाढविले. १९६६ साली आलेल्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. ते विद्यापीठ म्हणजे कामगारांची वस्ती आणि तिच्यातले रस्ते. रस्त्याला विद्यापीठ म्हणणारा हा मनुष्य पुढे महानगरपालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाला. रस्त्याने शिकविले म्हणून मुलांना रस्त्यावरच सोडावे, असा अर्थ त्याने काढला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मग आनंद खोटा होता काय?

येथे वाचक एक रास्त आक्षेप घेईल. प्रत्येक गोड आठवणीला दुःखाची पुरवणी जोडलीच पाहिजे काय? त्या गल्लीतले हसणे खरे नव्हते काय? गरिबांच्या मुलांच्या वाट्याला आलेला तेवढा आनंदही आता आपण तपासणीसाठी मेजावर ठेवावयाचा काय?

या आक्षेपाचे उत्तर मला जखऱ्याच्या पुस्तकात सापडते. या संदेष्ट्याच्या नावातच तेच क्रियापद आहे. परमेश्वर स्मरण करतो, असा त्याचा अर्थ. त्याच्या सातव्या व आठव्या अध्यायांचा प्रसंग दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षातील, म्हणजे इ. स. पूर्व ५१८ च्या सुमाराचा आहे. मंदिराचा विध्वंस होऊन सुमारे सत्तर वर्षे झाली होती आणि नवे मंदिर बांधले जात होते. बेथेलकडून आलेले लोक विचारतात की, विध्वंसाच्या स्मरणार्थ पाचव्या महिन्यात जो शोक व उपवास आम्ही इतकी वर्षे करीत आलो तो यापुढेही करावा काय? प्रश्न स्मरणाचाच आहे. त्यावर देव आधी एक उलट प्रश्न करतो की, हा उपवास तुम्ही खरोखर माझ्यासाठी केला काय? आणि मग तो न्यायाचा विषय काढतो. विधवा, अनाथ, परका व दीन यांच्यावर जुलूम करू नये. म्हणजे सत्तर वर्षांचे नेमाने केलेले स्मरणही जर शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल तर ते देवापर्यंतही पोहोचत नाही.

पण देव तेथेच थांबत नाही. आठव्या अध्यायात येणाऱ्या दिवसांचे जे चित्र आहे त्यात सिंहासन नाही, सैन्य नाही. हातात काठी घेतलेली वृद्ध माणसे यरुशलेमेच्या चौकांत बसली आहेत आणि ते चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. एवढेच. ‘चौक’ या अर्थाचा मूळ शब्द ‘रहोब’ हा ‘रुंद, मोकळे असणे’ या धातूपासून आलेला आहे. इसहाकाने विहिरीला दिलेले रहोबोथ हे नाव वाचकांना आठवेल. आता आपल्यासाठी जागा झाली, असे म्हणून त्याने ते नाव ठेवले होते. खेळणे या अर्थाचे जे क्रियापद येथे आहे त्याचा पहिला अर्थ हसणे हा आहे आणि इसहाक या नावातील धातू त्याचेच दुसरे रूप होय. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात सृष्टीच्या आरंभी देवासमोर आनंदाने बागडणाऱ्या ज्ञानासाठीही हेच क्रियापद योजलेले आहे. मुलांच्या खेळाला पवित्र शास्त्राने किती थोर स्थान दिले आहे पाहा.

आणखी एक गोष्ट आहे. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात भुकेने मूर्च्छित होऊन पडलेली बालके ज्या ठिकाणी दिसतात, त्या ठिकाणासाठीही ‘रहोब’ हाच शब्द आहे. एकेकाळी जेथे मुले भुकेने पडली तेच चौक पुढे खेळणाऱ्या मुलांनी भरतील, असे जखऱ्या सांगतो. त्याने ते पडलेले मूल विसरावयास सांगितले नाही आणि खेळणारे मूल खोटेही ठरविले नाही.

यावरून आक्षेपाचे उत्तर मिळते. गल्लीतला आमचा आनंद खोटा नव्हता. तो देवाने प्रत्येक मुलासाठी जे योजले आहे त्याचा एक अंश होता. टंचाईत व दाटीत तो आम्हाला लाभला, हे आमच्या आईबापांचे, शेजाऱ्यांचे आणि देवाचे देणे होते. म्हणून त्याची आठवण टाकून द्यावयाची नाही, तिला माप बनवावयाचे आहे. माझ्या वाट्याला जर इतका मोकळा चौक, इतका शेजार आणि एक शाळा आली, तर आजच्या मुलाच्या वाट्याला काय आले आहे, हा प्रश्न त्या मापाने विचारावयाचा. गोड आठवण स्वतःपाशी ठेवली की ती उसासा होते, दुसऱ्याच्या मुलाला लावली की ती ऋणाची नोंद होते.

योजलेले नगर आणि वाढलेले नगर

हा लेख मी झिरकपूर येथून लिहीत आहे. पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील हे नगर चंडीगडला लागून, अंबाल्याच्या हमरस्त्यावर आहे. येथून पतियाळाकडे आणि शिमल्याकडेही वाटा फुटतात. फाळणीत लाहोर गेल्यानंतर पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ पासून ल कार्बुझिए या वास्तुशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली चंडीगडचा आराखडा आकाराला आला. त्यातला प्रत्येक सेक्टर साधारणपणे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब आहे. वेगाने जाणारी वाहने सेक्टरच्या बाहेरून जावीत, आत शाळा, दुकाने व हिरवळ असावी आणि मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, असा त्यामागे विचार होता. जखऱ्याच्या चौकांची आठवण व्हावी असाच हा हेतू आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ते नगर ज्या मजुरांनी बांधले त्यांच्या मुलांसाठी आराखड्यात घर नव्हते. ते मजूर नंबर दिलेल्या वसाहतींत राहिले. त्यांपैकी औद्योगिक क्षेत्रातील कॉलनी नंबर ४ ही मे २०२२ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. झिरकपूरची गोष्ट याच्या उलट आहे. हे नगर कोणी योजलेले नाही, ते वाढत गेले. २००१ च्या जनगणनेत येथे पंचवीस हजारांच्या आसपास वस्ती होती, २०११ साली ती पंचाण्णव हजारांवर गेली आणि आज उंच इमारतींच्या रांगा पाहता ती त्याहून पुष्कळ अधिक असणार हे उघड आहे. फाटकाच्या आत घसरगुंड्या व झोपाळे आहेत आणि संध्याकाळी दोन तास मुले तेथे खेळतात. भिंतीच्या पलीकडे, पुढच्या इमारतीच्या पायापाशी, बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तेथील मुले वाळूच्या ढिगावर खेळतात. इमारत पुरी झाली की त्यांचे आईबाप दुसऱ्या जागी जातात आणि शाळेत नाव घातलेले असलेच तर ते मागे राहते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो हक्क देतो. पण ज्याचा चौक दर वर्षी बदलतो त्याच्यापर्यंत हक्क पोहोचविण्यास कोणीतरी शेजारी लागतो.

गिरणगावही आता त्याच वाटेने गेले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामाची वाट खुली झाली. फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मोठे व्यापारी संकुल आहे आणि धुराडे शोभेसाठी राखले आहे. त्या काचेच्या दारांपुढे उभे राहून जुने दिवस आठवणे सोपे आहे. तेथे रात्रपाळीला पहारा करणारा तरुण कोठे राहतो आणि त्याचे मूल कोणत्या शाळेत जाते हे विचारणे मात्र कठीण जाते.

शेजार हे काम आहे

आपल्या मंडळीच्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात भायखळ्याजवळ कामगारांच्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. नावातच शेजार होता. वस्तीतील मुलांना खेळावयास व वाचावयास जागा, आजाऱ्याला औषध, मोठ्यांना व्याख्याने, आणि येणाऱ्याला त्याचा धर्म न विचारणे, अशी त्याची रीत होती. त्याच कामातून १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि तेच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. एका गल्लीतल्या मुलांना जागा देण्यापासून एवढी गोष्ट झाली. प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून शास्त्र्याचा प्रश्न उलटा फिरविला होता. माझा शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले. प्रभूने त्याला, शेजारी कोण झाला, असे विचारले. शेजार हा जन्माने मिळतो असे आपण समजतो, परंतु दाखल्यात तो करावा लागतो.

म्हणून शताब्दी साजरी करणाऱ्या शाळांना आणि मंडळ्यांना माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख असते आणि शेवटी शाळा सोडल्याचे कारण लिहिण्याचा एक रकाना असतो. स्मरणिकेचे लेख मागविण्यापूर्वी ते रजिस्टर काढावे आणि तो शेवटचा रकाना वाचावा. सातवी उत्तीर्ण, असे कोठे लिहिले असेल. कोठे गावी गेला, कोठे घरकामासाठी, कोठे सतत गैरहजर. ज्या वर्षी असे शेरे अचानक वाढलेले दिसतील त्या वर्षी त्या गावात काय घडले होते, गिरणी बंद पडली, दुष्काळ पडला की साथ आली, हे शोधावे आणि लिहावे. सोडून गेलेल्यांपैकी कोणी हयात असतील तर त्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवावे आणि त्यांच्याकडूनही शाळेच्या आठवणी ऐकाव्यात. त्यांच्या आठवणीही गोड निघतील, असे मला वाटते. कारण ज्याला शाळा थोडी मिळाली त्याला ती अधिक आठवते.

त्यानंतर त्या रजिस्टराचे चालू वर्षाचे पान उघडावे. यंदा कोण गैरहजर आहे? त्याचे घर कोणत्या गल्लीत आहे? मंडळीची इमारत आठवड्यातून सहा दिवस कुलूपबंद असेल, तर संध्याकाळी दोन तास तिचा दिवा आणि पंखा त्या गल्लीतल्या मुलांना देता येईल काय? ज्यांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला त्यांना या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाऊ नये.

देव स्मरण करतो तेव्हा काहीतरी घडते. त्याने नोहाची आठवण केली आणि पाणी ओसरू लागले. त्याने आपल्या कराराची आठवण केली आणि मोशेला मिसरात पाठविले. प्रभूच्या मेजापाशी आपण त्याच्या स्मरणार्थ भाकर मोडतो तेव्हा ती भाकर एकट्याने खात नाही, वाटून घेतो. आपल्या बालपणाच्या आठवणीही त्या मेजाच्या रीतीने काढल्या जाव्यात आणि ज्या गल्ल्यांतून आज आपण जातो त्या गल्ल्यांतील एकही मूल त्या वाटपातून सुटू नये, एवढीच प्रभूच्या चरणी प्रार्थना आहे.